गोष्टीत नसलेला कुत्रा

मेंदूच्या प्रयोगशाळेत काम करतो असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोनपैकी एक प्रश्न विचारायचा. "म्हणजे डोकं उघडून बघता?" नाहीतर, "मग आमच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कळत असेल!" दोन्हींचं उत्तर 'नाही' होतं आणि ते ऐकून माणसाचा चेहरा पडला की मला अपराधी वाटायचं. मला अपराधी वाटायला फारसं काही लागत नाही. बायको म्हणते, "तुम्हाला धक्का मारून कुणी पुढे गेलं तरी 'सॉरी' तुम्हीच म्हणता." खरं आहे. म्हणूनच या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा आधी आठवल्या त्या सगळ्या चुकाच. त्या बाजूला सारतो आणि आम्ही तिथे काय करत होतो, कोण कोण येऊन गेलं, तेवढं सांगतो.

भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये अप्रेंटिसांची जुनी शाळा होती. कारखान्यातली भरती आटली तशी ती ओस पडली. तिच्यातल्या दोन खोल्या आणि एक व्हरांडा आमच्या संस्थेने मागून घेतला, कारण आम्हाला हवी ती माणसं त्याच परिसरात होती. तीस-तीस वर्षं एकाच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या एकाच विभागात काम केलेली, एकाच प्रकारच्या क्वार्टरमध्ये राहिलेली, आता निवृत्त झालेली माणसं. मीही त्याच टाउनशिपमध्ये वाढलेला. वडील कारखान्यात क्लार्क होते. ज्या शाळेच्या भिंतीवरून उडी मारून आम्ही चिंचा पाडायला जायचो, तिथेच पुढे मी तंत्रज्ञ म्हणून हजेरी लावायला लागलो.

माझं काम टोपी घालण्याचं. रबरी टोपी, तिला ठिकठिकाणी छोट्या चकत्या, प्रत्येक चकतीतून एक वायर. चकतीखाली थंडगार जेल भरायची, म्हणजे कातडीशी नीट संबंध जुळतो आणि मेंदूतली अगदी क्षीण वीज पडद्यावर रेघांच्या रूपाने दिसते. विचार दिसत नाहीत. माणूस जागा आहे, पेंगतोय, एखाद्या आवाजाने दचकला, ऐकतोय की नुसता बसलाय, इतपत कळतं. डोळे मिचकावले तरी रेघा उसळतात. जबडा हलला तर नुसता गोंधळ. त्यामुळे टोपी असताना बोलायचं नाही, हे सांगण्यातच माझा निम्मा दिवस जायचा. आणि डोक्याला तेल नको, हे सांगण्यात उरलेला. "बेटा, बिना तेल के घर से निकलूँ तो लोग पूछेंगे, कौन मर गया," असं एका आजींनी मला सुनावलं होतं.

काम झालं की केसांत जेल तशीच राहायची. वयस्कर माणसाला तसं कसं पाठवणार? व्हरांड्यात बेसिन होतं, गीझर बसवून घेतला, आणि मी लोकांची डोकी धुऊन द्यायला लागलो. हे माझ्या कामात लिहिलेलं नव्हतं. पण लोक खरे तिथेच बोलायचे. मिश्राजी नावाचे एक निवृत्त फिटर होते. त्यांनी विग घातलाय हे टाउनशिपमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्यासमोर त्यांनी दार लावून घेतलं, विग काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आप मुझे टोपी पहनाने चले थे, हम तो पहले से पहने बैठे हैं।" त्यांचं ते गुपित अजूनही माझ्याजवळ सुरक्षित राहिलं असतं, पण त्यांनी स्वतःच पुढे ते कारखान्याच्या गेटासमोरच्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसून सगळ्यांना सांगितलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख आमच्या मॅडम. ग्वाल्हेरच्या. मराठी शुद्ध, पण चिडल्या की "अरे यार" म्हणायच्या. त्यांना एकच प्रश्न छळायचा: म्हातारपणी आठवण पुसली जाते, की दरवेळी थोडी थोडी नव्याने रचली जाते? फैजान हा त्यांचा संशोधक विद्यार्थी, जुन्या शहरातला. जन्मभर धडधडाटात काम केलेल्या माणसाचं लक्ष कशावर टिकतं, गोंगाटातून तो एखादा आवाज कसा वेचून काढतो, हा त्याचा ध्यास. श्रुती शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून यायची. घरात मराठी आणि दारात हिंदी बोलणाऱ्याच्या डोक्यात भाषा कशी बदलते, हे ती तपासायची. "सर, लोग गुस्सा किस भाषा में होते हैं, बस इतना पता चल जाए, तो मेरी पीएचडी झाली समजा," असं ती एका श्वासात दोन भाषांत म्हणायची आणि आपण काय केलं हे तिच्या लक्षातही यायचं नाही.

त्या हिवाळ्यात आठवणीचं काम चालू होतं. पद्धत साधी. टोपी घालून माणसाला ध्वनिमुद्रित गोष्ट ऐकवायची, मराठीतून किंवा हिंदीतून. मग टोपी काढायची, अर्धा-पाऊण तास बटणं दाबण्याच्या दुसऱ्या चाचण्या द्यायच्या आणि शेवटी म्हणायचं, आता मघाची गोष्ट सांगा. गोष्ट मॅडमनी मुद्दाम कंटाळवाणी लिहिली होती. सीहोरची शांताबाई पेरूंची पिशवी घेऊन भोपाळला भावाकडे निघते. वाटेत बस बिघडते. पाऊस येतो. एक मास्तर तिला छत्री देतो. ती संध्याकाळी पोचते, भाऊ घरी नसतो. संपली. कोणी किती तपशील सांगतो आणि काय गाळतो, ते मोजायचं.

सुरुवातीला लोकांनी नेहमीसारखं गाळलं. मग डिसेंबरच्या सुमारास फैजान धावत आला. "मॅडम, फिर से कुत्ता!"

गोष्टीत कुत्रा नव्हता. पण लोक सांगायला लागले होते की बस बिघडल्यावर एक तपकिरी कुत्रा शांताबाईच्या शेजारी येऊन बसतो. एकाने सांगितलं, दुसऱ्याने सांगितलं, मग येईल तो कुत्रा घेऊनच यायला लागला. मास्तर काहींच्या गोष्टीत क्रेन ऑपरेटर झाला होता. भाऊ आता घरी सापडत होता आणि बहिणीला बघून रडत होता. मॅडम दोन दिवस जेवल्या नाहीत. एकमेकांना न सांगता इतक्या मेंदूंनी एकच खोटी आठवण तयार करावी? सारखं आयुष्य जगलेली माणसं गाळलेली जागा सारखीच भरतात की काय? फैजानने आलेख काढले. श्रुतीने कागदाचा कुत्रा कापून दारावर चिकटवला. मी रेघा पुन्हा पुन्हा बघत बसलो आणि, सवयीप्रमाणे, आपल्याच हातून काही बिघडलंय का याची काळजी करत राहिलो.

बोकीलकाका आले ते याच सुमारास.

बोकीलकाका आमच्या लहानपणी शेजारच्या क्वार्टरमध्ये होते. वर्ध्याहून भरती होऊन आलेले, फॅब्रिकेशन शॉपमध्ये क्रेन चालवायचे. काकू उज्जैनच्या. मुलगा मिलिंद माझ्याच वर्गातला, आता पुण्यात. निवृत्तांना भाड्याने दिलेल्या क्वार्टरपैकी एकात दोघं राहत होते. काका विसरायला लागलेत हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. दूध ओट्यावर ठेवून गॅस न पेटवता उभे राहायचे, किंवा पेटवून निघून जायचे. मिलिंद दर रविवारी फोनवर आईला म्हणायचा, "पुण्याला या." काकूंना जायचं नव्हतं. शेवटी त्याने अट घातली होती: "बाबांचं डोकं तपासून घे. ठीक आहे म्हणाले, तर मी विषय काढणार नाही. नाहीतर यायचं."

मला साठीपुढची माणसं हवी होती. मी काकूंना म्हटलं होतं, "काकांना घेऊन या, साधी तपासणी असते." काकूंनी 'तपासणी' एवढंच ऐकलं. आमच्याकडे पास-नापास नसतं, निकाल कुणाला देत नाहीत, हे मी नंतर चारदा सांगितलं. त्या प्रत्येक वेळी मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "हो रे. पण फिट की अनफिट, एवढं तर सांगाल ना!"

त्या दिवशी काका प्रेस केलेला शर्ट घालून आले. डोक्याला तेल नव्हतं. काकू व्हरांड्यात बाकावर बसल्या, पदराच्या टोकाला पीळ देत. मी काकांना टोपी घातली. अजून ध्वनिमुद्रण सुरूही केलं नव्हतं, तोच काका खड्या आवाजात म्हणाले, "सीहोरची शांताबाई पेरूंची पिशवी घेऊन निघाली."

फैजानने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काका, गोष्ट अजून लावायचीय."

"लाव की. बस बिघडली. पाऊस आला. मग तो कुत्रा आला, तपकिरी." काका थांबले. कपाळाला आठी पडली. "मग... ती स्टेशनवर बसून राहिली. ट्रंकेवर."

"बस स्टँडवर, काका?" मी बोलायला नको होतं, पण बोललो.

"स्टेशनवर. भोपाळ स्टेशन. उज्जैनची गाडी आली होती. हिरवं लुगडं, सोबत तिचा धाकटा भाऊ, तो झोपलेला. मी चहाच्या टपरीमागे उभा. लग्नात सासऱ्यांना सांगून बसलो होतो, क्वार्टर मिळालंय. मिळालं कुठे होतं! यादीत नावही नव्हतं. आता हिला घेऊन जाऊ कुठे? पाय उचलेना. तासभर ती बसली आणि तासभर मी तिला बघत उभा. मग मिश्राला पाठवलं. म्हटलं, सांग, ओव्हरटाइम लागलाय."

पडद्यावर जबड्याच्या हालचालीने रेघांचा नुसता गुंता झाला होता. त्यातून काढण्यासारखं काहीच नव्हतं.

मॅडमनी खूण केली, म्हणून आम्ही रीतसर सगळं पार पाडलं. गोष्ट ऐकवली, बटणांच्या चाचण्या झाल्या. शेवटी फैजानने हळू आवाजात विचारलं, "काका, वो कहानी सुनाइए जो अभी सुनी थी।"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "कौन सी कहानी?"

मी त्यांना बेसिनपाशी नेलं. काकू टॉवेल घेऊन जवळ आल्या. काकांच्या डोक्यावर पाणी सोडलं तेव्हा काकूंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "झालं सगळं बरोबर? पास ना?"

"काकू, इथे तसं नसतं..."

"सांगितली ना हो गोष्ट?" त्यांनी काकांनाच विचारलं. "कुत्रा सांगितलात?"

"सांगितली," काका वाकलेल्या डोक्यानेच म्हणाले. "स्टेशनचीही सांगितली. टपरीमागची."

"कुठली टपरी?"

काकांनी सांगितली. मघाशी सांगितली तशीच, एक शब्दही न चुकता. पाणी वाहत होतं, मला नळ बंद करायचंही सुचलं नाही. काकू टॉवेल धरून उभ्या होत्या.

"म्हणजे तुम्ही होतात तिथे?"

"होतो."

"आणि ओव्हरटाइम?"

"नव्हता ओव्हरटाइम."

"मी रडत होते!" काकूंचा आवाज एकदम चढला. "भावाला कळू नये म्हणून तोंडात पदर कोंबून रडत होते! आणि हे टपरीमागून बघत होते! इतकी वर्षं मी त्या कारखान्याला शिव्या घातल्या हो!" त्यांनी टॉवेल काकांच्या डोक्यावर टाकला आणि इतक्या जोराने केस पुसायला लागल्या की मी म्हटलं, "काकू, हळू." त्या रागावल्या होत्या, खरंच रागावल्या होत्या. पण पुसता पुसता त्यांचे खांदे हलायला लागले आणि रडतायत की हसतायत, मला कळेना.

मग मॅडम बाहेर आल्या. त्यांनी काकूंना बाकावर बसवलं आणि निकाल आम्ही देत नाही हे पुन्हा सांगून म्हणाल्या, "पण काकू, एकदा डॉक्टरांना दाखवा. मेंदूच्या. उशीर करू नका." काकूंना जे कळायचं ते कळलं. जरा वेळाने मॅडमनी विचारलं, "आणि गोष्ट तुम्हाला कुठून मिळाली?"

उत्तर द्यायला दुसऱ्या दिवशी मिश्राजी स्वतः हजर झाले. विग नव्हता. आरोपीसारखे नाही, युनियनच्या नेत्यासारखे उभे राहिले.

"मैडम, हमारे यहाँ हर साल मेडिकल होता था। नज़र कमज़ोर निकली तो क्रेन से उतार देते थे। तो जो पहले अंदर जाता, वो आँखों वाला चार्ट याद करके आता और बाकियों को रटवा देता। किसी साथी की ड्यूटी पर आँच क्यों आए? यहाँ भी हमने वही किया। गलत किया क्या?"

"और कुत्ता?" फैजानचा आवाज फाटला होता.

"कुत्ता भाभीजी ने जोड़ा।"

काकू दारात होत्या. "मग काय करायचं?" त्या म्हणाल्या. "एकटी बाई, पाऊस, बस बंद. सोबतीला काहीतरी नको का?"

मॅडम आधी "अरे यार" म्हणाल्या आणि मग इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. फैजान मात्र जिन्यावर जाऊन बसला. अख्ख्या हिवाळ्याचं काम पाण्यात गेलं होतं. आत कंटाळवाणी गोष्ट आणि बाहेर पुलियावर रोज संध्याकाळी तिचं पारायण, असं चाललं होतं, आणि आम्हाला पत्ता नव्हता. फैजानला पुढे मंडीदीपच्या कामगारांमध्ये जाऊन नव्या गोष्टीने पुन्हा सुरुवात करावी लागली. मी त्या टाउनशिपमध्ये वाढलेलो. मला तरी हे सुचायला हवं होतं. मॅडमना तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "अनिल, प्रत्येक गोष्टीचं श्रेय घ्यायची सवय सोड."

पंधरवड्याने मिलिंद आला. डॉक्टरांचं सांगून झालं होतं, पण त्याला मॅडमनाही भेटायचं होतं. अप्रेंटिसांच्या जुन्या बाकावर तो, काकू आणि काका ओळीने बसले. मिलिंदचा चेहरा प्रवासाने सुकला होता. वाईट मुलगा नव्हता तो. बापाला आवाजही चढवून बोलत नव्हता.

"आई, आता तरी ऐक. ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं," काकू म्हणाल्या. "नापास झालेत. मी महिनाभर पाठ करून घेतलं, तरी नापास. मी उगाच धडपडले. वाटलं, पास झाले तर राहता येईल. उलटं आहे रे. पास झाले असते तर नेलंही असतं. आता कसं नेऊ?"

"म्हणजे?"

"तुझ्या अकराव्या मजल्यावर यांना न्हाणीघर कुठे ते सांगावं लागेल. रोज. दिवसातून दहादा. इथे अंधारातही हात बरोबर कडीवर जातो. दाराबाहेर पडले तर पाय कारखान्याच्या गेटाकडेच वळतात, दुसरीकडे जातच नाहीत. गेटवरचा माणूस यांना ओळखतो. पुण्यात बाहेर पडले तर कोण ओळखेल यांना?"

मिलिंदने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "मी सल्ला देणार नाही. पण जुने रस्ते पायांच्या लक्षात जास्त काळ राहतात, हे खरं आहे."

"आणि तू?" मिलिंद आईकडे वळला. "बाबा राहतील गं. तू चोवीस तास त्यांच्यामागे धावशील. तुला कोण बघणार?"

काकूंनी पदराच्या टोकाला पुन्हा पीळ दिला. काका खिडकीबाहेर बघत होते.

व्हरांड्यात मिश्राजी आणि आणखी दोघंतिघं उभे होते, आत यायचं नाही असं ठरवून. सगळं ऐकत होते. मिश्राजींनी डोकं आत घातलं. "ड्यूटी लगा देंगे।"

"काय?" मिलिंदला आधी समजलंच नाही.

"तीन शिफ्ट चलाई हैं हमने जिंदगी भर। सुबह मैं, दोपहर में वर्माजी, शाम को पुलिया पर तो सब होते ही हैं। रात भाभीजी की। और मिलिंद बेटा, ये कोई एहसान नहीं है। घर में बैठे-बैठे हमारी बीवियाँ भी तंग हैं।"

मिलिंद हसला नाही. त्याने बापाच्या शर्टाची कॉलर सारखी केली. मग म्हणाला, "एक वर्ष. मग बघू." त्या एका वर्षाची पुढे तीन वर्षं झाली.

मी मॅडमना विचारलं, नियमात बसतं का, आणि रविवारची सकाळची पाळी मागून घेतली. त्या म्हणाल्या, "तो प्रयोग नाही, अनिल. मला विचारू नकोस."

प्रयोगशाळा आता तिथे नाही. संस्थेची मोठी इमारत झाली, मॅडम निवृत्त झाल्या, फैजान बाहेरगावी शिकवतो. मी नेहरू नगरला राहतो आणि एका रुग्णालयात टोपी घालतो. तिथे डोकं धुवायला वेगळी माणसं आहेत. त्या दोन खोल्यांची आठवण आली की मेंदूच्या रेघांआधी मला रविवारच्या सकाळी आठवतात.

काका गेटासमोरच्या पुलियावर बसलेले असायचे, शेजारी काकू. मी कोण हे त्यांना ठाऊक नसायचं, पण कशासाठी आलोय हे ठाऊक असायचं. क्रेनवरचा माणूस बदली आल्याशिवाय खाली उतरत नाही, आणि उतरताना कुठे काय ठेवलंय ते बदलीवाल्याला तोंडी सांगून जातो. काकाही बदली आल्याशिवाय पुलियावरून हलायचे नाहीत; मला बघून उठायचे.

"उशीर केलास."

"हो काका. चुकलं."

"ठीक आहे. वर काही लटकत नाही. सगळं खाली ठेवलंय. जा, बस."

आणि मला पुलियावर बसवून, ड्यूटी संपलेल्या माणसाच्या चालीने, ते काकूंबरोबर घराकडे निघायचे.